उरलेल्याची जमाबंदी

महसूल खात्याच्या चाकरीत ३४ वर्षे ज्याने इतरांच्या जमिनींची मोजणी, आणेवारी आणि फेरफार यांतच डोळे शिणवले, त्याच्यावर निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी स्वतःच्याच देहातील एका मूठभर अवयवाचे दप्तर उघडून बसण्याचा प्रसंग यावा, हे मला प्रथम मोठे चमत्कारिक वाटले. पित्ताशयातील खड्यांसाठी केलेल्या सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडावर साडेतीन सेंटिमीटरांची एक गाठ दिसली. सीटी स्कॅनने ती कर्करोगाची असण्याचा संशय दृढ केला. आणि गेल्या भाद्रपदात पुण्यातील एका रुग्णालयात पोटावर लहान लहान छिद्रे पाडून, रोबोच्या साहाय्याने, मूत्रपिंड जागच्या जागी ठेवून तेवढी गाठ काढण्यात आली. चौथ्या दिवशी मी घरी आलो. जखमा कधी भरल्या हे मला कळलेही नाही. परंतु फाल्गुनात सहामाही तपासणीचे कागद आले, त्या दिवशी साताऱ्याच्या आमच्या ओसरीवर जो वाद झाला, त्याने मात्र या व्याधीचा खरा तपशील माझ्या ध्यानात आणून दिला.

वाद घालणारी दोघेही माझ्याच घरची माणसे. एक माझ्या पत्नीचे वडील बंधू, वयाने ७६, ज्यांनी कराडला उभे आयुष्य शल्यक्रियेत घालवले. आणि दुसरी माझी मुलगी, जी पुण्यात मूत्रपिंडविकारांची वैद्य आहे आणि जिच्या दारी माणसे बहुधा मूत्रपिंडांचा बराचसा भाग निकामी होऊन गेल्यावरच येतात. दोघांच्या दृष्टींतील अंतर त्यांच्या व्यवसायांतूनच आलेले होते: एकाने गाठ वेळीच न निघाल्यामुळे दगावलेली माणसे पाहिली होती, दुसरीने गाठ निघाल्यावर पंधरा वर्षांनी डायलिसिसच्या खाटेवर निजलेली.

मामांनी कागद चाळले आणि ते म्हणाले, "दाजी, गाठ निघाली, कडा स्वच्छ आहेत असा विकृतिशास्त्रज्ञाचा दाखला आहे, छातीत आणि यकृतात काही नाही. माझ्या मते प्रकरण येथेच निकालात निघाले. मूत्रपिंडाचा तुकडा राखण्यासाठी हल्लीची मंडळी जी एवढी उरस्फोड करतात, तिचे प्रयोजन मला अजून नीटसे उमगलेले नाही. १८६९ साली हायडेलबर्गला गुस्टाव झिमोनने मनुष्याचे एक मूत्रपिंड विचारपूर्वक, योजनापूर्वक काढले. त्याआधी कुत्र्यांवर प्रयोग करून एका मूत्रपिंडावर प्राणी जगतो याची त्याने खातरजमा करून घेतली होती. तेव्हापासून आजवर किती जणांनी आपल्या भावाला, मुलाला एक मूत्रपिंड दिले आणि दुसऱ्यावर सुखाने आयुष्य काढले! मी शिकत होतो तेव्हा १९६९ च्या रॉबसनच्या लेखाचा दाखला देऊन आम्हांला सांगत, की मूत्रपिंड, त्याभोवतीची चरबी, तिच्यावरचे आवरण, वरची ग्रंथी, सारे एकसंध काढा. कर्करोगाशी तडजोड नको. ते चुकीचे होते असे मी म्हणणार नाही."

"मोठ्या गाठीला ते आजही चुकीचे नाही, मामा," मुलगी म्हणाली. "पण झिमोनचे नाव घेतलेत तर त्याच्या गादीवर बसलेल्याचेही घ्या. त्याच हायडेलबर्गला, झिमोनच्याच पश्चात आलेल्या चेर्नीने १८८७ साली गाठीपुरताच भाग काढून मूत्रपिंड राखले होते. म्हणजे मूळ गाव एकच. वाटा दोन फुटल्या, आणि दुसरी वाट पुढे शंभर वर्षे जवळजवळ ओस राहिली. आणि दात्यांचा दाखला बाबांना लागू होत नाही. दाता निवडून घेतलेला असतो. त्याला मधुमेह नाही, रक्तदाब नाही, लघवीतून प्रथिन जात नाही, हे सारे तपासूनच त्याचे मूत्रपिंड घेतात. गाठ मात्र माणूस निवडून येत नाही. ती साठीच्या पुढच्या, रक्तदाबाच्या, तंबाखू ओढलेल्या, वजन वाढलेल्या माणसाला अधिक येते, म्हणजे ज्याचे दुसरे मूत्रपिंडही आधीच झिजलेले असण्याचा संभव आहे अशाच माणसाला. न्यूयॉर्कला ६६२ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्या सर्वांना दोन्ही मूत्रपिंडे होती आणि सर्वांचे क्रिएटिनिन नेहमीच्या मर्यादेत होते. तरीही हिशेब मांडून पाहता त्यांपैकी २६ टक्क्यांची गाळण्याची शक्ती शस्त्रक्रियेपूर्वीच ६० च्या खाली होती. ज्यांची नव्हती, त्यांच्यात तीन वर्षांनी ६० च्या वर राहण्याचा संभव गाठ तेवढी काढली तर ८० टक्के, आणि सबंध मूत्रपिंड काढले तर ३५ टक्के!"

येथे मला माझ्या कागदावरील आकड्यांचा अर्थ विचारणे भाग पडले; कारण शस्त्रक्रियेपूर्वी क्रिएटिनिन १.१, दुसऱ्या दिवशी १.६ आणि सहा महिन्यांनी १.२ असे लिहिलेले होते, आणि त्यांसमोर गाळण्याच्या वेगाचे अनुक्रमे ७२, ४६ आणि ६५ असे आकडे मांडलेले होते. मुलीने समजावून दिले ते असे: प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात, त्या सर्व जन्मापूर्वीच घडून पुऱ्या होतात आणि गेलेली गाळणी पुन्हा घडत नाही, दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरांच्या आसपास द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सारा पुन्हा रक्तात परत करतात. मिनिटाला किती मिलिलिटर गाळले जाते तो हा आकडा. पण तो मोजलेला नसतो, क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून अंदाजलेला असतो.

मी म्हणालो, "म्हणजे ही आणेवारी झाली. उभे पीक डोळ्यांनी पाहून आठ आणे, दहा आणे ठरवायचे. कापून, मळून, तोलून नव्हे."

"अगदी तसेच, बाबा. आणि त्यात आणखी एक खोच आहे. ही आणेवारी दोन्ही शेतांची मिळून असते. डाव्याचे उत्पन्न घटले तर उजवे काही महिन्यांत जास्त राबते आणि एकूण बेरजेत तूट दिसत नाही. तुमचे ७२ चे ६५ झाले, ते पाहून डाव्याचे थोडेच गेले असे वाटेल. पण डाव्याचा खरा वाटा पाहायचा तर किरणोत्सारी औषध टोचून दोन्ही मूत्रपिंडांचे वेगवेगळे चित्र घ्यावे लागते."

सामाईक खात्याचा सातबारा पाहून कोणा भावाचा हिस्सा पिकला आणि कोणाचा करपला हे सांगता येत नाही, त्यासाठी पोटहिस्सा मोजून घ्यावा लागतो, ही गोष्ट मी हजारदा अर्जदारांना समजावली होती. माझ्या स्वतःच्या शरीरात तसेच एक सामाईक खाते आहे, हे मला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळले.

मामा आकड्यांना भिणारे नव्हते. ते म्हणाले, "आकडेच हवे असतील तर युरोपातल्या परीक्षणाचे घे. ५४१ रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेले, म्हणजे तुझ्या न्यूयॉर्कच्या अभ्यासाहून पुराव्याच्या दृष्टीने वरचढ. दहा वर्षांनी सबंध मूत्रपिंड काढलेल्यांपैकी ८१.१ टक्के हयात होते आणि भाग राखलेल्यांपैकी ७५.७ टक्के. शक्ती ६० च्या खाली गेलेले सबंध काढलेल्यांत ८५.७ टक्के आणि राखलेल्यांत ६४.७ टक्के, हे मी कबूल करतो. पण १५ च्या खाली, म्हणजे डायलिसिसच्या दारात, किती पोचले? १.५ टक्के आणि १.६ टक्के. फरक नाही! मग रक्तस्रावाचा धोका, लघवी झिरपण्याचा धोका, पुन्हा आत शिरण्याची पाळी, हे सारे रुग्णाच्या माथी मारून तू मिळवलेस काय? कागदावरचा आकडा."

हा आघात वर्मी बसला, असे मला मुलीच्या मुद्रेवरून दिसले. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ते परीक्षण मी नाकारत नाही. त्यात पुरेसे रुग्ण मिळाले नाहीत म्हणून ते अर्ध्यावर थांबले, कर्करोगाने मेलेले दोन्ही गटांत थोडेच होते, आणि दुसरे मूत्रपिंड धड असलेल्यांनाच त्यात घेतले होते, हे सांगितले तरी आकडे आकडेच राहतात. क्लीव्हलंडच्या मंडळींनी पुढे जे दाखवले ते तुमच्याच बाजूचे आहे: शस्त्राने कमी झालेली शक्ती आणि रोगाने कमी झालेली शक्ती या एक नव्हेत. शस्त्राने घटलेली पुष्कळदा तेथेच स्थिरावते. मधुमेहाने, रक्तदाबाने घटलेली घटतच जाते."

मला कृष्णाकाठचे वाळव्याकडील दिवस आठवले. नदीने काठावरची चार गुंठे मळई नेली तर शेतकरी हळहळे, पण उरलेली जमीन पूर्वीइतकीच कसदार राही. याउलट उसाला पाण्याचा अतिरेक होऊन जेथे मीठ वर आले, तेथे चोपण प्रथम एका कोपऱ्यात दिसे आणि दहा वर्षांत सबंध गट गिळून टाकी. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेच, पीक शून्य. मी हे बोललो तेव्हा दोघेही माझ्याकडे वळली.

"हेच," मुलगी म्हणाली, "आणि तुमच्याकडे दोन्ही आहेत, बाबा. चार गुंठे नदीने नेले आणि बारा वर्षांचा रक्तदाब हे चोपण. नुसतीच नदी असती तर मी मामांशी एवढी भांडले नसते. ज्याच्या शेतात मीठ वर येण्याचा संभव आहे, त्याचा एक गुंठाही उगीच जाऊ देता कामा नये. शिवाय चार सेंटिमीटरांच्या आतल्या गाठींपैकी पाचांत एखादी तपासणीअंती निरुपद्रवी निघते. तिच्यासाठी सबंध मूत्रपिंड गेले तर ते कोणाच्या हिशेबी मांडायचे? उद्या उजव्या बाजूला गाठ उद्भवली तर काय करायचे? आणि मला सर्वांत खुपते ते हे, की दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली तेव्हा काही वर्षे लोकांचे नुकसानच झाले. १९९० साली सेंट लुईसला क्लेमनने छिद्रांतून मूत्रपिंड काढले, ते सबंधच होते. छिद्रांतून सबंध काढणे सोपे, राखून शिवणे कठीण. म्हणून ज्या गाठी उघड्या शस्त्रक्रियेत राखून निघाल्या असत्या, त्यांसाठीही सबंध मूत्रपिंडे गेली. रुग्ण तिसऱ्या दिवशी हिंडूफिरू लागला, म्हणून सर्वांनी वाहवा केली. कातडीवरची जखम लहान झाली आणि आतली मोठी झाली, मामा."

याचे उत्तर मामांनी दिले नाही, आणि माझ्या मते त्याला उत्तर नव्हतेही. माझ्या पोटावरच्या लहान व्रणांकडे पाहून जो तो मला भाग्यवान म्हणत होता. परंतु ते व्रण माझ्या प्रकृतीविषयी काहीच सांगत नव्हते.

यानंतर वादाचे पारडे एका अनपेक्षित दिशेला कलले. मुलीने शस्त्रक्रियेचे टिपण काढून त्यातील एका ओळीवर बोट ठेवले. धमनी १९ मिनिटे चिमट्यात होती. तिचे म्हणणे असे, की हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा ज्या अवयवांकडे जातो, त्यांतला एक कापायचा तर त्याचा प्रवाह काही काळ बंद केल्याशिवाय शल्यवैद्याला दिसणारच नाही. पण जितका वेळ प्रवाह बंद, तितक्या पेशी गुदमरणार. उघड्या शस्त्रक्रियेत मूत्रपिंडाभोवती बर्फाचा चुरा दहा मिनिटे भरून ते गार करून घेता येत असे, आणि गार अवयव उपवास सोसतो. छिद्रांतून बर्फ भरणे अवघड, म्हणून ऊब कायम राहते आणि घड्याळ धावू लागते. एकच मूत्रपिंड असलेल्या रुग्णांच्या मेयो आणि क्लीव्हलंड येथील २०१० च्या अभ्यासाने तर प्रत्येक मिनिट मोलाचे असा निष्कर्ष काढला आणि २५ मिनिटांची हद्द जगभर पाठ झाली. "१९ म्हणजे उत्तम," ती म्हणाली.

आणि येथे, ज्यांना मूत्रपिंड राखण्याची उरस्फोड व्यर्थ वाटत होती तेच मामा, झोपाळ्यावरून उठून टिपण हाती घेऊन तिच्या शेजारी येऊन बसले. "बाळ, तू घड्याळ पाहतेस, कारण घड्याळ कागदावर लिहिता येते. मी हात पाहतो. गाठ निघाल्यावर मूत्रपिंडात खळगा उरतो. त्याच्या तळाशी कापलेल्या शिरा असतात, कधी लघवी साठणाऱ्या पोकळीचा उघडा कोपरा असतो. तो शिवलाच पाहिजे. पण मूत्रपिंडातल्या धमन्या एकमेकींना मिळत नाहीत. दाजी, तुमच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक शेत एकाच चारीवर भिजते. ती चारी बुजली की शेजारच्या चारीचे पाणी तेथे येत नाही. घड्याळाला भिऊन घाई करणारा माणूस खोल, जाड, आवळून टाके घालतो, आणि त्याच्या एका टाक्यात एखादी फांदी सापडली की तिच्यावरचा पाचरीसारखा सबंध भाग कायमचा वाळतो. चिमट्याखाली गुदमरलेल्या पेशी बहुतेक सावरतात; टाक्यात आवळलेल्या सावरत नाहीत. १९ मिनिटांत वाईट शिवण्यापेक्षा २४ मिनिटांत चांगले शिवलेले मला पत्करेल. इटलीत रोबोच्याच शस्त्रक्रियेत चिमटा लावून आणि न लावता अशी तुलना चिठ्ठ्या टाकून केली ना? दोन्ही मूत्रपिंडे धड असणाऱ्यांत सहा महिन्यांनी फरक सापडला नाही. आणि ते मॅनिटॉल, जे चिमट्यापूर्वी शिरेतून देण्याची वहिवाट आम्ही वर्षानुवर्षे चालवली, त्याचे काय झाले?"

"न्यूयॉर्कला कोणाला काय दिले हे कोणालाच न सांगता परीक्षा झाली," मुलगी सावकाश म्हणाली. "मॅनिटॉल आणि साधे द्रावण, सहा महिन्यांनी फरक नाही."

"म्हणजे औषधाने राखले जात नाही, नुसत्या घाईनेही नाही. राहते ते किती जिवंत मांस मागे ठेवले त्यावर. गाठीभोवती निरोगी भागाची जाड कडा कापायची की गाठीच्या आवरणालगतची पातळ फट शोधून तिच्या काठाकाठाने जायचे, आत किती थर शिवायचे, बाहेरचा थर ओढून बंद करायचा की मोकळा सोडायचा, यात सारे आहे. आणि मूळचे मूत्रपिंड कसे होते, यात. वाळलेल्या मूत्रपिंडाला कोणताही हात हिरवे करीत नाही."

मी पाहत होतो, की मूत्रपिंड राखू नये असे म्हणणारा हा वृद्ध शल्यवैद्य ते कसे राखावे याविषयी जितक्या आत्मीयतेने बोलत होता, तितकी आत्मीयता विरोधाला पुरून उरणारी होती. त्याचा विरोध राखण्याला नव्हताच. गाठीच्या कडेवर रोगाचा कण मागे ठेवून मूत्रपिंड राखल्याचा डांगोरा पिटणाऱ्यांना होता, आणि जेथे गाठ मुख्य धमनीला लगटून बसली आहे तेथेही हट्टाने तुकडा राखून रुग्णाला रक्तस्रावात लोटणाऱ्यांना होता. मुलीनेही मान्य केले, की तसल्या गाठीला आणि धड दुसरे मूत्रपिंड असलेल्या माणसाला सबंध काढणे हाच शहाणपणाचा मार्ग असू शकतो. एका गोष्टीवर मात्र त्यांचे अखेरपर्यंत जुळले नाही. मुलगी म्हणे, आयुष्याची लांबी सिद्ध झाली नाही म्हणून शक्तीचे मोल कमी होत नाही. पुढे हृदयाचा झटका आला, सीटीचे औषध टोचावे लागले, जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळला, तेव्हा ६५ वाला तरतो आणि ४० वाला बुडतो, आणि तिने तसे बुडताना पाहिले आहेत. मामा म्हणत, तू पाहिलेस ते तुझ्या वॉर्डातले; जे बुडाले नाहीत ते तुझ्याकडे आलेच नाहीत. मला दोघांचेही म्हणणे पटले, आणि कोणाच्या बाजूने हुकूम द्यावा हे आजही ठरवता येत नाही. पण ४६ चा आकडा वाचून ज्या रात्री मला झोप लागली नव्हती, ती रात्र आठवली की माझे मन मुलीकडे झुकते.

एवढ्यात घरातून चहा आला, आणि चहाबरोबर माझ्या औषधांचा डबा. सकाळची गोळी घ्यायची राहिली होती. मुलीने डबा उघडला. त्यात रक्तदाबाच्या गोळीशेजारी डायक्लोफिनॅकची अर्धी संपलेली पट्टी होती. गुडघा दुखतो म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून मी ती चिठ्ठीशिवाय आणत असे, आणि थंडीत तर रोज एक घेत असे. ती माझ्या मूत्रपिंडाच्या शेतातली कोणती चारी बुजवते हे मला कोणी सांगितले नव्हते. मीही कोणाला विचारले नव्हते.

मुलगी रागावली नाही, आणि तेच मला जास्त लागले. ती म्हणाली, "बाबा, मूत्रपिंडाला रक्त कमी पडू लागले की ते स्वतःच आत येणारी वाहिनी रुंद करून घेते. ही गोळी ते रुंद करणे बंद पाडते. तुमची रक्तदाबाची गोळी बाहेर जाणारी वाहिनी सैल करते. एरवी ती मूत्रपिंडाच्या हिताचीच आहे. दोन्ही एकदम, आणि त्यात जुलाब-उलट्या होऊन अंगातले पाणी गेले, की पुण्याच्या त्या शल्यवैद्याने १९ मिनिटांत जे राखले ते तुम्ही दोन दिवसांत घालवाल. गुडघ्याला पॅरासिटामॉल, शेक, आणि तेवढ्याने भागले नाही तर मला फोन. जुलाब लागले तर रक्तदाबाची गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे त्याच दिवशी विचारायचे."

बाकीचे तिने झरझर सांगितले: मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे पानातले लोणचे आणि पापड बंद, तहान लागेल तसे पाणी, पिंपभर नव्हे, ज्यात काय आहे हे कोणी लिहून देत नाही अशी भस्मे आणि काढे नाहीत, आणि दर वर्षी क्रिएटिनिनबरोबर लघवीतील अल्ब्युमिन, कारण चोपण वर येऊ लागले तर प्रथम तेथे दिसते. माझ्या लघवीत ते आजवर नाही. ती ओळ तिने कागदावर दोनदा अधोरेखित केली.

मामा इतका वेळ टिपण वाचीत होते. चष्मा कपाळावर सारून त्यांनी ते डोळ्यांजवळ नेले आणि मुलीला म्हणाले, "येथे बघ. आतला थर बारीक दोऱ्याने, एकेका शिरेपुरता. बाहेरचा थर ओढलेलाच नाही, नुसता टेकवला आहे. कडेला निरोगी मांस दोन मिलिमीटर." त्यांनी कागद खाली ठेवला. "कोण आहे हा मुलगा, मला माहीत नाही. पण हात चांगला आहे."

मुलीने ती डायक्लोफिनॅकची पट्टी आपल्या पर्समध्ये टाकली, दिनदर्शिकेवर भाद्रपदाच्या पानावर पुढच्या तपासणीची खूण केली, आणि मामांचा पेला रिकामा पाहून आत चहा आणायला गेली.